पाच नंबरचा फोन

३ तारीख, सोमवार

आजपासून रोजनिशी. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दिवसभर छताकडे बघत बसू नका, काहीतरी लिहीत जा." मी छताकडे बघत नव्हतो. छताला जी पोपडी आली आहे ती रोज किती वाढते ते पाहत होतो. वजनं-मापं तपासण्याच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस नुसता बघत नाही, तपासतो.

तर परिस्थिती अशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मला या शुश्रूषागृहात आणून टाकलं, त्याला तीन आठवडे झाले. २४ तारखेला डॉक्टर ठरवणार, की मी माझ्या घरी एकटा राहू शकतो की मुक्काम कायमचा इथेच. मुलगी माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, पण तिला नोकरी आहे, संसार आहे. "जे स्वतःचं स्वतः करू शकतात त्यांनाच आम्ही घरी पाठवतो," असं डॉक्टर म्हणाले. मी गेली अठ्ठ्याहत्तर वर्षं माझं मीच करतोय. काळजीचं कारण नाही. तरी तोवर कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, असं ठरवलं आहे.

५ तारीख, बुधवार

आज माझी निवड झाली!

कंपनीचा एक माणूस आला आणि हॉलमध्ये एका नव्या उपकरणाबद्दल पाऊण तास बोलला. मी कानातलं यंत्र बंद ठेवलं होतं. त्याची बॅटरी मी भाषणांवर खर्च करत नाही. योग्य वाटेल तिथे मान हलवली. शेवटी बावीस जणांतून फक्त सहा जणांना ते उपकरण मिळालं आणि त्या सहांत मी आहे. निवड कशावरून केली ते विचारलं नाही. आपल्याच तोंडाने कशाला विचारा? मुलीने तर फॉर्मवर आधीच सही करून ठेवली होती, म्हणजे तिलाही माझ्याबद्दल खात्री असणार.

उपकरण म्हणजे शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी चकती. माझा नंबर पाच. सिस्टर रोज सकाळी ती आतल्या कपड्याला चिकटवून देणार. जागा जरा चमत्कारिक वाटली, पण महागाची वस्तू लोक आतच जपतात. सिस्टरांच्या मनगटावर एक पट्टा आहे, तो थरथरला की त्यावर नंबर उमटतो.

चार नंबर पोस्टमास्तरबाईंना मिळाला. या बाई पोस्ट ऑफिस चालवून निवृत्त झाल्या आहेत. माझ्यासारखंच त्यांचंही हाड मोडलं होतं, पण गुडघ्याचं. रोज दुपारी आम्ही रमी खेळतो आणि रोज त्याच जिंकतात. त्या लबाडी करतात याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. पुरावा अजून मिळालेला नाही. मी प्रत्येक डावाआधी पत्ते मोजतो. आज एक्कावन्न भरले. बदामाची राणी नाही.

७ तारीख, शुक्रवार

दोन फोन आले आणि दोन्ही कट झाले.

पहिला साडेदहाला. हॉलमध्ये पेपर वाचत होतो. सिस्टर आल्या. त्यांचे बूट चालताना कुईकुई करतात, त्यामुळे त्या कधी अचानक येत नाहीत. खाली वाकून हळूच म्हणाल्या, "काका, तुमचा फोन आहे."

इथला फोन कॉरिडॉरच्या पार टोकाला, न्हाणीघरासमोर आहे. तिथे तो कुणी बसवला, त्या माणसाला भेटायला हवं. वॉकर टेकत टेकत गेलो, रिसीव्हर कानाला लावला, तर नुसती पूंऽऽऽ.

"कट झाला वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "आलोच आहोत तर आत जाऊन येऊ या ना. आणि हा पायजमा धुवायला टाकू, दुसरा घाला."

"सकाळीच घातला होता की!"

"आज धुण्याचा दिवस आहे, काका."

दुसरा फोन चार वाजता. तोही कट. आणि पुन्हा धुणं. इथे स्वच्छतेचा फार अतिरेक आहे.

८ तारीख, शनिवार

गंभीर प्रकार. हॉलमधल्या खुर्च्या ओल्या असतात.

काल खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो होतो, ती ओली निघाली. आज मुद्दाम भिंतीकडची घेतली. बसताना हात फिरवून पाहिला, कोरडी ठणठणीत. तासाभराने उठलो तर ओली. दुपारी तिसरी. तीही तशीच. म्हणजे ओल खालून वर येते, हे उघड आहे.

संशय फरशी पुसणाऱ्या मावशींवर. त्या फडकं नीट पिळत नाहीत. त्यांना उभं करून मी फडकं पिळण्याची पद्धत समजावून दिली. दोन्ही हातांनी, उलटसुलट पीळ देऊन, शेवटचा थेंब पडेपर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं साहेब, चुकलंच माझं," म्हणाल्या. चूक कबूल करणारी माणसं हल्ली भेटत नाहीत. सूचनांच्या वहीत तक्रार लिहिली, पण मावशींचं नाव गाळलं.

९ तारीख, रविवार

मुलगी आली होती. तिला सरळ विचारलं, "फोन करतेस आणि मी पोचायच्या आत ठेवून का देतेस?"

"मी कुठे केला फोन, बाबा? मी रविवारी येतेच की."

"मग कोण करतं? या आठवड्यात सात झाले."

मुलीने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मग मुलगी माझा हात हातात घेऊन उगाच बसून राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. नोकरीचा ताण आहे पोरीला, दुसरं काय.

११ तारीख, मंगळवार

लक्षात आलं, की फोन फक्त आम्हा सहा जणांनाच येतात. उरलेल्या सोळांना महिन्यात एक नाही. बटणाचा आणि फोनचा संबंध आहे हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. आम्हाला मानाने फोन येतात, असं मी कोपऱ्यातल्या निवृत्त इंजिनड्रायव्हरला जरा ऐकवलंही. तो जळला. "मला का नाही दिलं बटण?" म्हणून त्याने सिस्टरांशी वाद घातला. सिस्टर तोंडावर रुमाल धरून बाहेर गेल्या. सर्दी झाली असावी.

पोस्टमास्तरबाईंना आज चार फोन आले, मला तीन. दर वेळी त्या पत्ते उपडे ठेवतात, "आलेच हं" म्हणतात आणि राणीसारख्या उठून जातात. पंधरा मिनिटांनी परत. साडी बदललेली. म्हणजे हा जो कुणी फोन करतो त्याच्यासाठी साडी बदलतात! फोनवर साडी दिसते का कुणाला?

शेवटी राहवलं नाही. "कोण करतं हो तुम्हाला एवढे फोन?"

"जुनी ओळख आहे," त्या म्हणाल्या आणि पत्ते पिसले. "तुमची होईल हळूहळू."

वाईट वाटलं. का वाटलं ते लिहीत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज उपकरणाची तपासणी केली. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तपासल्याशिवाय मी कधी वाण्याचं मापसुद्धा वापरू दिलं नाही.

जेवणानंतर खोलीचं दार लोटलं, बटण काढलं आणि टेबलावर ठेवलं. आधी हलवून पाहिलं. काही नाही. गरम चहाच्या कपाला टेकवलं. काही नाही. फोनशी संबंध आहे म्हणून त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन दोनदा "हॅलो" म्हटलं. काही नाही. मग चमच्याने त्यावर पाणी घातलं, अर्धा चमचा.

चाळीस सेकंदांत बूट कुईकुईले. मी बटण उशीखाली सरकवलं.

"काका, तुमचा फोन आहे."

"नंतर येतो," म्हटलं. त्या गेल्या. बटण पुसून कोरडं केलं, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा अर्धा चमचा घातला.

"काका, परत फोन आहे."

तिसऱ्यांदा पाणी घातलं नाही.

नंतर बराच वेळ पलंगावर बसून होतो. तीन खुर्च्या. धुण्याचा रोजचा दिवस. मावशींना दोन्ही हातांनी पिळून दाखवलेलं फडकं. सगळं एकेक करून आठवत गेलं आणि दर आठवणीला कानशिलं तापत होती. इंजिनड्रायव्हरला मी काय ऐकवलं ते आठवल्यावर तर डोक्यावरून पांघरूण घेतलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

१५ तारीख, शनिवार

खोलीतच. जेवण खोलीत.

१६ तारीख, रविवार

मुलगी आली. झोपेचं सोंग घेतलं. ती दीड तास बसली होती. एवढा वेळ घोरायचं सोपं नाही.

जे स्वतःचं स्वतः करू शकतात तेच घरी जातात. आठच दिवस राहिलेत. बटणाने डॉक्टरांना माझा नंबर सांगू नये, यासाठी काहीतरी करायला हवं. आणि एक सुचलं आहे.

१७ तारीख, सोमवार

सगळं मुसळ केरात.

योजना साधी होती. हॉलच्या कोपऱ्यात कुंडीत रुंद पानांचं एक झाड आहे. कुंडीतली माती इतकी कोरडी, की भेगा पडलेल्या. सकाळी सिस्टरांनी बटण लावून दिलं की ते काढायचं आणि झाडाच्या बुंध्याला, पानांच्या आत चिकटवायचं. चोवीस तारखेपर्यंत पाच नंबर हा या इमारतीतला सर्वांत कोरडा माणूस ठरला असता. माझं मी घड्याळ लावून सांभाळणार होतो.

साडेनऊला बटण झाडाला. दहाला रमीला बसलो, दोन दिवसांनी. पोस्टमास्तरबाईंनी काही विचारलं नाही, पत्ते वाटले. बरं चाललं होतं. अकरा वाजता माळी आला. तो महिन्यातून एकदा येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने अख्खी झारी कुंडीत ओतली आणि मग नळीने पानं धुतली.

कुईकुई, कुईकुई. सिस्टर पळतच आल्या. "काका, तुमचा फोन..." म्हणाल्या आणि थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कोरडा. पट्टा मनगटावर थयथया नाचत होता. त्यांनी पट्ट्यावर काहीतरी दाबलं, तसा झाडात पिवळा दिवा लागला आणि झाड पीप पीप करायला लागलं.

सगळा हॉल झाडाकडे पाहत होता. माळी झारी घेऊन दोन पावलं मागे सरला.

"जा, सिस्टर," पोस्टमास्तरबाई म्हणाल्या, "झाडाला सांगा, फोन आहे म्हणून."

आणि त्या हसत सुटल्या. पत्ते खाली पडले. मीही हसलो असतो, पण माझी पाचावर धारण बसली होती. पत्ते गोळा करून मोजले. एक्कावन्न.

१८ तारीख, मंगळवार

सिस्टर रागावतील असं वाटलं होतं. त्या चहा घेऊन आल्या आणि पलंगाशेजारी बसल्या.

"काका, तुम्हाला त्या दिवशीचं भाषण ऐकू आलं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी कबूल केलं.

"ऑपरेशनच्या वेळी नळी लावली होती. ती काढल्यावर काही दिवस असं होतं. पुष्कळांना होतं. बऱ्याच जणांचं व्यायामाने सुटतं. बटण कशाला आहे, तर कुणी तासन्‌तास ओलं बसू नये, कातडी सोलवटू नये. आणि दिवसातून कधी कधी होतं हे आम्हाला कळलं, की त्याच्या पंधरा मिनिटं आधी आम्हीच तुम्हाला घेऊन जाऊ. मग फोन येणारच नाही."

"डॉक्टरांना कळतं हे?"

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण बटण झाडाला लावलंत, तर मी काय झाडाला घेऊन जाऊ न्हाणीघरात?"

मी विचारलं, "ते फोनचं कुणाच्या डोक्यातून आलं?"

"पोस्टमास्तरबाईंच्या. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, चारचौघांत 'चला, कपडे बदलू' असं कुणाला म्हणायचं नाही. निरोप कसा द्यायचा ते मला विचार, माझा जन्म गेलाय त्यात."

दुपारी मावशी फरशी पुसायला आल्या तेव्हा मी उभा राहिलो. "मावशी, त्या दिवशी फडक्याचं मी जे बोललो ते चुकलं माझं. खुर्च्या तुमच्यामुळे ओल्या नव्हत्या."

"मला माहीत होतं की, साहेब," त्या म्हणाल्या. "पण पिळायची पद्धत चांगली आहे तुमची. घरीपण तशीच पिळते आता."

सूचनांच्या वहीतली तक्रार खोडली आणि खाली सही केली.

२१ तारीख, शुक्रवार

सिस्टरांनी वेळापत्रक करून दिलं आहे. सात, नऊ, पावणेअकरा, असं रात्रीपर्यंत. मी त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या, कारण नोंदींत माझा हात कुणी धरू शकणार नाही. सोमवारी तीन फोन, मंगळवारी तीन, बुधवारी दोन, काल एक. आज एकही नाही! हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही. म्हणून पोस्टमास्तरबाईंना हळूच सांगितलं.

"वा, इन्स्पेक्टर," त्या म्हणाल्या. "माझे अजून दोन आहेत." आणि डाव लावला. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण डाव हरल्याचंही वाटलं.

२४ तारीख, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

अकरा वाजता परीक्षा. कोट घातला होता. मुलीने सुट्टी काढली होती. हॉलमध्ये डॉक्टर, व्यायामाच्या बाई, टेबलावर माझी फाइल. मी काठी टेकत भिंतीपासून दारापर्यंत चालायचं, एवढंच. पलीकडे खिडकीशी पोस्टमास्तरबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती. चार महिन्यांनी आले होते सगळे. हसणं-खिदळणं चाललं होतं.

मी अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा टेबलावर घरघर झाली. सिस्टर आत कुणाला तरी आंघोळ घालत होत्या आणि पट्टा टेबलावर चार्जिंगला लावून गेल्या होत्या. तो एकटाच नाचत होता. नंबर उमटला होता चार.

मी पोस्टमास्तरबाईंकडे पाहिलं. त्यांचं हसणं थांबलं होतं. त्या ताठ बसल्या होत्या आणि सिस्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. धाकटी नात त्यांचा हात ओढत होती, "आजी, ऊठ ना, बाग दाखव ना." त्या उठत नव्हत्या. कधीही न घाबरणाऱ्या बाईचा चेहरा मी आज घाबरलेला पाहिला.

मी दाराकडे जायचं सोडून वळलो.

"आजोबा, इकडे, दाराकडे!" डॉक्टर म्हणाले.

"थांबा जरा," मी म्हटलं.

बाईंच्या खुर्चीपाशी गेलो, वाकलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पोस्टमास्तरबाई, तुमचा फोन आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाचा?"

"मुख्य कचेरीतून. तातडीचा आहे म्हणतात."

"मग जायला हवं," त्या म्हणाल्या.

"कॉरिडॉरमध्ये गार आहे," असं म्हणून मी कोट काढला आणि त्या उठता उठता त्यांच्या खांद्यांवर टाकला. माझा कोट लांब आहे, गुडघ्यापर्यंत येतो. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही निघालो. मागून सून म्हणाली, "आईंना अजून कचेरीतून फोन येतात?" मुलगा म्हणाला, "आई आहे ती!"

न्हाणीघराशी मावशी होत्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि बाईंना आत नेलं. मी बाहेर उभा राहिलो. धाकटी नात कॉरिडॉरच्या टोकाशी येऊन बघत होती, म्हणून रिसीव्हर उचलला आणि बोलायला लागलो. "हो, हो. येतायत. नाही साहेब, त्यांच्याशिवाय तुमचं अडणारच. धरा, धरा." पूंऽऽऽ चालूच होती. मी तिला दहा मिनिटं धरून ठेवलं.

डॉक्टर मागे येऊन उभे होते, ते मला दिसलं नाही. मी रिसीव्हर ठेवल्यावर ते म्हणाले, "काठी हॉलमध्येच राहिली तुमची."

खरंच राहिली होती. मला वाटलं, झालं, नापास.

"घरी जा," डॉक्टर म्हणाले. "बटण आणि वेळापत्रक न्यायचं. पट्टा मुलीच्या हाताला. ती कामावर गेली की दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंच्या हाताला. झाडाच्या नाही."

पोस्टमास्तरबाईंनी संध्याकाळी कोट परत दिला, नीट घडी घालून. "आभार मानायचे नाहीत मला," त्या म्हणाल्या. "नका मानू," मी म्हटलं. मग आम्ही एक डाव खेळलो आणि त्या जिंकल्या.

२७ तारीख, गुरुवार

घरी! माझा पलंग, माझ्या तराजूंचं कपाट, माझं छत. पोपडी नाही. आज सकाळी जावयाने बॅग आणून ठेवली, मुलीने आज रजा घेऊन स्वतःच्या हाताला पट्टा बांधला आणि सिस्टरांकडून काय काय शिकून आली आहे ते काही मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मोबाइल मी बाळगत नाही, त्यामुळे माझ्यासाठी कुणी फोन केला तर तो मुलीकडे येतो. दुपारी चार वाजता खुर्चीत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. मुलगी धापा टाकत दारात.

"बाबा, तुमचा फोन आहे."

जरा वाईट वाटलं. पहिल्याच दिवशी. वेळापत्रकाप्रमाणे अजून वीस मिनिटं होती. पण तिने शब्द मात्र बरोबर वापरले होते. मी उठलो आणि न्हाणीघराकडे चालायला लागलो.

"अहो, तिकडे कुठे?" मुलगी म्हणाली. "खरंच फोन आहे."

तिने मोबाइल माझ्या कानाला लावला. पूं नव्हती.

"काय इन्स्पेक्टर," पलीकडून आवाज आला, "एवढी तपासणी केलीत, पण स्वतःच्या कोटाचा आतला खिसा तपासलात का?"

कोट खुंटीला होता. आतल्या खिशात हात घातला. बदामाची राणी.

"एक पान कमी आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी घेऊन या. डाव अडलाय."